बॉनेटचा दुसरा आवाज

गाडीचं बॉनेट उघडलं की माणसं इंजिनाकडे बघतात, बॅटरीकडे बघतात, आणि काही कळत नसलं तरी मान हलवतात. ज्या चौकटीवर हात टेकून ती वाकलेली असतात, तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. त्या चौकटीला रेडिएटर सपोर्ट म्हणतात. माझी बेचाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकण्यात गेली, आणि त्यातली निम्मी तरी ह्या चौकटीपुढे उकिडवं बसून गेली.

मी कुंभकोणमचा टिंकर. तुमच्याकडे ह्याला डेंटिंगवाला म्हणतात, असं आमची सून सांगते. आमचं घराणं मराठी राजांच्या मागोमाग तंजावरकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. नात्यातले लोक बँकेत, शाळेत, कचेरीत लागले. मी हातोडी धरली. त्याबद्दल बरीच वर्षं लग्नाकार्यात मला मागच्या पंगतीला बसवायचे. गावात मात्र मी ‘राव मेस्त्री’. सून सोलापूरची आहे. आमचं मराठी ऐकून तिच्या माहेरच्यांना कुणी पोथी वाचतंय असं वाटलं होतं. तेव्हा ह्या लेखावर तिने इस्त्री फिरवली आहे. घरातलं बोलणं जिथे आलं आहे, तिथे मी तिला फिरवू दिली नाही.

तर ही चौकट. इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या जाळीतून फिरतं तो रेडिएटर. तो, त्याचा पंखा, त्याच्या पुढची एसीची जाळी, दोन्ही दिवे, हॉर्न, हे सगळं ही चौकट धरून ठेवते. वरच्या आडव्या पट्टीच्या मधोमध बॉनेटचं लॉक बसतं. समोरून मार बसला की पहिला बळी हिचा जातो. पुढचा बंपर प्लास्टिकचा. तो आत जातो आणि निर्लज्जासारखा परत बाहेर येतो. वरून बघणारा म्हणतो, काही झालं नाही. मग महिन्याभराने गाडी तापते, एक दिवा रस्त्याकडे आणि दुसरा नारळाच्या शेंड्याकडे बघतो, बॉनेट आपटल्याशिवाय लागत नाही. तेव्हा लोक आमच्याकडे येतात आणि आधीच्या मेकॅनिकला शिव्या देतात.

थोडी वाकली असेल तर चौकट ओढून सरळ करता येते. पत्र्याला घडी पडली असेल तर बदलायची, त्यात हयगय नको. आधी बंपर, दिवे, जाळ्या उतरवायच्या, पाणी काढायचं. मग जुन्या चौकटीचे वेल्डिंगचे ठिपके एकेक करून ड्रिलने पोखरायचे. घाईत छिन्नी मारली की मागचा चांगला पत्रा फाटतो. नवी चौकट नुसती चिमट्यांनी धरायची. तिच्यावर दिवे, बॉनेट, दोन्ही बाजूंचे पत्रे रिकामे बसवून बघायचे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप दोन्हीकडून सारखं यायला हवं. मग एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, असं वेल्डिंग करायचं, कारण एकाच बाजूला तापवलं तर पत्रा तिकडे ओढला जातो. हे सगळं करून शेवटी बॉनेट वीतभर उंचीवरून सोडायचं आणि कान द्यायचा.

बॉनेटच्या लॉकमध्ये दोन गोष्टी असतात. एक सुरक्षेचा आकडा, म्हणजे लॉक सुटलं तरी बॉनेट अडवणारा हुक, आणि दुसरं खरं लॉक. पडताना आधी आकड्याचा ‘टक’ येतो, मग लॉकचा. दोन्ही इतके लागोपाठ येतात की गिऱ्हाइकाला एकच ऐकू जातो. माझ्या कानाला दोन लागतात. वय झालं, मोबाइलवर बोलणाऱ्याचं अर्धं कळत नाही, पण हे दोन आवाज मी आजही शेजारच्या गल्लीतून वेगळे सांगेन.

आणखी एक गोष्ट माझ्या हातात होती, जी गावात दुसऱ्या कुणाच्या नव्हती. स्वामिमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती आहेत. त्यांच्यापैकी एका म्हाताऱ्याची गाडी मी दुरुस्त केली, आणि बदल्यात त्याची माप घ्यायची रीत शिकलो. ते लोक टेप वापरत नाहीत. नारळाच्या झावळीची एक हिरवी पट्टी घेतात, मूर्तीच्या उंचीएवढी कापतात, आणि घड्या घालत घालत चेहरा, छाती, गुडघे सगळं त्या पट्टीवर मांडतात. मी तसंच गाडीच्या तोंडाचं माप झावळीवर घ्यायला लागलो. टेपचं पातं मध्ये लोंबतं, पट्टी ताणून धरली की लोंबत नाही. लोक बघायला थांबायचे, आणि मलाही ते आवडायचं. म्हाताऱ्याने शिकवताना एक ताकीद दिली होती: मूर्तीचं माप दुसऱ्या मूर्तीवरून घेऊ नये, दर वेळी पट्टी नवी आणि घड्या पहिल्यापासून. त्या वेळी मी ते धर्माचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक वकील जुनी चौकट पोत्यात घालून घरी न्यायचे. तुमच्यावर विश्वास आहे मेस्त्री, पण पुरावा बरा, म्हणायचे. तीन गाड्यांच्या तीन चौकटी त्यांच्या माडीवर गंजत पडल्या होत्या. शेवटी त्यांच्या बायकोने त्यांवर कारल्याचा वेल चढवला. एक डॉक्टर होते, राहुकाळ म्हणजे अडाण्यांचा बाजार असं म्हणणारे. राहुकाळ म्हणजे रोजचा दीड तासाचा अशुभ वेळ. आमच्याकडे त्या वेळात कुणी नव्या कामाला हात लावत नाही. पण डॉक्टरांची गाडी तयार झाली की त्यांचा ड्रायव्हर हळूच येऊन विचारायचा, मेस्त्री, राहुकाळ लागायच्या आत देता का, साहेबांनी विचारलंय असं सांगू नका.

इथपर्यंत मी गेल्या वर्षीच लिहिलं होतं. अशाच आणखी चार गमती घालून लेख पाठवायचा बेत होता. पाठवण्याआधी बायकोला वाचून दाखवला. लक्ष्मीला नागरी अक्षरं वाचता येत नाहीत, पण ऐकून ती माझ्यापेक्षा जास्त वाचते. सगळं ऐकून ती म्हणाली,

“हें सगळं बरं आहे. पोन्नी कोठं आहे ह्यांत?”

“ती कशास होणें ह्यांत?” मी म्हणालो. म्हणजे, ती कशाला हवी.

“मग लिहूं नोका,” ती म्हणाली आणि आत गेली.

मी तो लेख पाठवला नाही. आता पोन्नीचं लिहितो.

सेल्वम आणि आरुमुगम हे दोघे भाऊ. दोघेही टॅक्सी चालवायचे. कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळं आहेत. बाहेरगावचे लोक येतात आणि एका दिवसात नऊही ग्रहांना शांत करून जातात. त्या फेऱ्या हे दोघे करायचे. दोघांनी एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या दोन गाड्या घेतल्या होत्या. पोन्नी ही सेल्वमची बायको. देवळाच्या दारात तिची फुलांची टोपली असायची. जाईची फुलं ती बोलता बोलता, न बघता, दोऱ्यात गुंफायची. मला अण्णा म्हणायची. कयल ही त्यांची एकुलती एक मुलगी.

पहिली आली ती आरुमुगमची गाडी. उसाच्या ट्रॅक्टरने मागे येताना तिचं नाक दाबलं होतं. माझ्या शेडपुढे चिंचेचं झाड आहे. त्याला साखळी बांधून मी ती चौकट ओढून सरळ केली. लॉक किंचित खाली बसत होतं म्हणून त्याखाली दोन वायसर घातले, बिजागऱ्या थोड्या सरकवल्या. दोन आवाज आले. बॉनेटच्या दोन्ही बाजूंची फट इतकी सारखी होती की आरुमुगमने दोन्हीकडे बोट फिरवून पाहिलं. त्या कामाचा मला फार अभिमान होता.

पाच वर्षांनी सेल्वमची गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. ह्या वेळी चौकट गेली होती, आणि ती ज्या दोन पायांवर बसते तेही वाकले होते. नवी चौकट यायला तीन आठवडे लागणार होते. कयलला सातवा महिना होता. तिला तिरुक्करुगावूरला न्यायचं ठरलं होतं. तिथली देवी पोटातलं मूल राखते. आमच्या भागात बाई पोटुशी राहिली की तिकडे जाऊन येतेच. शुक्रवार ठरला होता, आणि सेल्वमला मुलीला स्वतःच्याच गाडीतून न्यायचं होतं. मी म्हटलं, होईल. त्रिचीच्या भंगारातून त्याच गाडीची चौकट आणवली.

पाय वाकलेले असले की मापाला आधार उरत नाही. कुठून कुठे मोजायचं हेच हरवतं. मी आरुमुगमला गाडी घेऊन बोलावलं, सेल्वमच्या गाडीशेजारी लावायला सांगितली, आणि झावळीची पट्टी कापली. माझ्याच हातांनी सरळ केलेली गाडी. तिच्यात चूक असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तिच्यावरून एकेक घडी घातली आणि ती मापं ह्या गाडीवर उतरवली. बघायला दोघे-तिघे जमले होते. मी जरा सावकाशच केलं, त्यांना नीट दिसावं म्हणून.

गुरुवारी रंग झाला. बॉनेटच्या पुढच्या कडेला रंग एक छटा वेगळा आला होता. संध्याकाळी पोन्नी गाडी बघायला आली आणि तिला ते लगेच दिसलं. फुलं निवडणारे डोळे.

“अण्णा, इथे जरा पिवळट दिसतंय,” ती म्हणाली.

“उद्या हार दाट आण पोन्नी,” मी म्हणालो. “दाट, अगदी रुंद. कुणाला दिसणार नाही.”

ती हसली, आणते म्हणाली. लॉकचं शेवटचं जुळवणं मी सकाळवर ठेवलं. दहा मिनिटांचं काम होतं.

शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो. सकाळी गाडी धुतली, चाचणीसाठी बॉनेट एकदा लावलं. ते हाताने दाबावं लागलं. खालचे रबर नवे आहेत, बसतील, असं मी स्वतःला सांगितलं. लॉकचा नट सैल करायला पाना उचलला तोच सेल्वमची माणसं आली. त्याची आई, पुरोहित, कयल, तिच्या हातात सातव्या महिन्यात भरतात त्या बांगड्या. पाना ठेवून दिला. पूजा व्हायची ती हार आल्यावर, आणि पोन्नी आली नव्हती. सेल्वम दर मिनिटाला मनगट बघत होता. दहा वाजून वीस मिनिटांनी पोन्नी रिक्षातून उतरली. हार इतका जड होता की रिक्षावाल्याने एक टोक धरलं होतं. तिची बोटं दोऱ्याने कापली होती.

पूजा भराभर उरकली. कापूर, कोहळा फोडला, चार चाकांखाली चार लिंबं. आमच्याकडे हाराची टोकं बॉनेटच्या कडेखाली घालून बॉनेट लावतात, म्हणजे हार वाऱ्याने उडत नाही. मी टोकं आत घातली, बॉनेट सोडलं, लागलं नाही. दोन्ही तळहातांनी दाबलं. एक टक आला.

मी थांबलो. दुसऱ्याची वाट बघितली, जणू तो मागून येणार होता. पूजा झालेलं बॉनेट पहिली फेरी होईपर्यंत उघडत नाहीत, असा रिवाज. उघडायचं म्हणजे हार काढायचा, पुरोहित परत, आणि तोवर राहुकाळ. आणि सगळ्यांसमोर राव मेस्त्रीचं बॉनेट लागत नाही, हेही होतंच. ते मी इतकी वर्षं स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. फुलांमुळे आवाज दबला असेल, असं वाटून घेतलं.

“मेस्त्री, झालं ना?” सेल्वमने विचारलं.

“झालं,” मी म्हणालो. “नीघ.”

शेडमधल्या घड्याळात दहा तेहतीस झाले होते.

सुंदरपेरुमाळ कोयिल हे गाव मागे टाकल्यावर समोरून एक बस आली. तिच्या वाऱ्याने बॉनेट उचललं गेलं आणि काचेवर येऊन आदळलं. सेल्वमला पुढचं काही दिसेना. गाडी रस्ता सोडून नारळाच्या झाडावर गेली. सेल्वमचा पाय दोन ठिकाणी मोडला. मागच्या सीटवर पोन्नीने कयलला छातीशी धरलं होतं. कयलला वरून खरचटलंसुद्धा नाही. पोटातलं मूल गेलं. मुलगा होता.

मी जेवायला बसलो होतो तेव्हा फोन आला. हात न धुता उठलो.

इस्पितळात मी फ्लास्कमधून कॉफी घेऊन गेलो. दुसरं काय न्यायचं कळेना. बाहेरच्या बाकावर सेल्वमची आई बसली होती. शेजारी पोन्नी, साडीवर अजून झेंडूच्या पाकळ्या.

“तीन मिनिटं,” म्हातारी सांगत होती, जो येईल त्याला. “राहुकाळात गाडी निघाली, तीन मिनिटांनी. हिचा हार वेळेवर आला असता तर माझा पणतू जिवंत असता.”

पोन्नी साडीवरच्या पाकळ्या वेचत होती. मी फ्लास्क बाकावर ठेवला आणि उभा राहिलो. तेव्हा बोलायला हवं होतं. त्यानंतरचा प्रत्येक दिवस त्या दिवसापेक्षा अवघड होत गेला.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पडली होती. तिसऱ्या दिवशी मी गेलो. सुरक्षेच्या आकड्यावर ओरखडा होता, पण फक्त एका कडेला. खरं लॉक लागलं नव्हतं, आणि हा आकडाही पूर्ण अडकला नव्हता. मग मी आरुमुगमला फुकट तपासतो असं सांगून त्याची गाडी बोलावली, आणि झावळी नाही, लोखंडी पट्टी घेऊन, पहिल्यापासून, चौकटीच्या पायांवर कंपनीने मापासाठी ठेवलेल्या भोकांपासून मोजली. चौकट दोन सूत डावीकडे होती. पाव इंच. माझे ते दोन वायसर आणि सरकवलेल्या बिजागऱ्या पाच वर्षं ते पाव इंच झाकत होत्या. सेल्वमच्या गाडीवर तो पाव इंच उतरला, वायसर उतरले नाहीत. मी आरुमुगमची चौकट काढून नवी घातली, आणि त्याला सांगितलं की आतून गंजली होती. त्याने माझे हात हातात घेतले, तुमच्यासारखा माणूस नाही म्हणाला. त्याच्याकडे बघवलं नाही. ते दोन वायसर मी ठेवून घेतले. काड्यापेटीत.

पोलिसांनी कागदावर चालकाचा ताबा सुटला असं लिहिलं. टिंकरला कुणी काही विचारलं नाही. सेल्वमच्या घरात निकाल आधीच लागला होता.

त्याला आता नऊ वर्षं झाली. ह्या नऊ वर्षांत मी कितीतरी चौकटी बदलल्या आणि एकीवरही झावळी लावली नाही. लोक विचारायचे, मेस्त्री, ती तुमची रीत कुठे गेली. डोळे अधू झाले, म्हणायचो. पोन्नीने फुलांची टोपली बंद केली. देवळातल्या बायका सांगायच्या, हिच्या हातचा हार नको, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण घेतही नव्हतं. चार वर्षांनी कयलला मुलगी झाली. बारशाला मी गेलो होतो. पाळण्याला फुलं बांधत होत्या शेजारच्या बायका, आणि पोन्नी आत स्वयंपाकघरात नारळ खवत होती. कयल आईशी बोलायची ते कामापुरतं: मीठ आण, दार लाव. सेल्वम लंगडत चालायचा. पोन्नी बाहेर आली की तो उठून ओसरीवर जायचा.

वाटेत भेटली की पोन्नी मात्र पूर्वीसारखीच विचारायची, अण्णा, बरं आहे ना? मी बरं आहे म्हणायचो. कधी कधी दुरून तिला बघून मी गल्ली बदलली आहे.

लक्ष्मीला मी त्याच वर्षी सगळं सांगितलं होतं. ती मला एकदाही अपराधी म्हणाली नाही. फक्त विचारत राहिली. गेल्या वर्षी लेख वाचून दाखवला त्या रात्री जेवताना पुन्हा म्हणाली,

“त्या बाईस जाऊन सांगा. तुमचें काय जाणार आत्तां? शेड बंद झाली, नांव कोण विचारतो?”

“जाईन.”

“केव्हां?”

“उद्यां.”

ती हसली नाही. तिने माझ्या पानात भात वाढला. उद्या मी गेलो नाही. परवा गेलो नाही. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन वड्याच्या दुकानावर उभा राहिलो आणि वडे बांधून घेऊन परत आलो. मग पावसाळ्याच्या तोंडाशी पोन्नीला पोटाचा आजार झाला. तंजावरच्या इस्पितळात आहे असं कळलं. मी म्हटलं, घरी आली की जाऊ, इस्पितळात काय सांगायचं. ती घरी आली ती रुग्णवाहिकेतून, झाकलेली.

तिच्या सोळाव्या दिवशीच्या विधीला मी गेलो. खिशात काड्यापेटी होती. जेवणं झाली, लोक पांगले. ओसरीवर सेल्वम, मी, आणि दारात कयल, पानं उचलत. निघता निघता कुणीतरी पोन्नीचं चांगलं बोलून गेलं. कयल म्हणाली, “चांगलीच होती. फक्त त्या दिवशी वेळेवर आली असती तर.” असं म्हणताना तिच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांत ती गोष्ट घरातली एक वस्तू झाली होती.

मी म्हणालो, “तो हार नव्हता. मी होतो.”

आणि सांगितलं. चौकट, झावळी, दोन सूत, एक टक. काड्यापेटी उघडून वायसर सेल्वमपुढे ठेवले. मला वाटत होतं तो मारेल. खरं सांगायचं तर त्याने मारावं असं वाटत होतं. त्याने वायसर उचलले नाहीत. 

“आता कशाला, मेस्त्री?” तो म्हणाला. “आता हे मी कुठे ठेवू?”

आणि काठी घेऊन अंगणात गेला, पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला.

कयल तशीच उभी होती, हातात उष्टी केळीची पानं.

“हार दाट आण, असं तुम्ही सांगितलं होतंत?” तिने विचारलं.

“हो. रंग झाकायला.”

“अम्मा सांगायची. अण्णांनी दाट हार मागितला म्हणून वेळ लागला, असं सांगायची. पहिल्या वर्षी दोन-तीनदा म्हणाली. आजी म्हणाली, स्वतःची चूक त्या भल्या माणसावर ढकलते. मीही तेच म्हणाले.” तिने हातातली पानं सावरली. “मग तिने सांगणं बंद केलं.”

मला हे ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं मी समजत होतो की तिने माझं नाव घेतलंच नसेल. तिने घेतलं होतं. माझ्या चांगल्या नावापुढे तिचं खरं चाललं नाही.

कयलने पानं खाली ठेवली, हात धुतले, आणि मला आत चला म्हणाली. आतल्या खोलीत भिंतीवर पोन्नीचा फोटो होता, खाली समई. फोटोला हार होता तो बाजारातला, विरळ. फुलांच्या मधून दोरा दिसत होता.

“हिला सांगा,” कयल म्हणाली.

मी फोटोपुढे उभा राहिलो.  मी सुरुवात केली, पोन्नी, तुझा हार वेळेवर होता, आणि पुढचं पुटपुटलो.

“मोठ्याने,” मागून कयल म्हणाली. “अप्पांना बाहेर ऐकू गेलं पाहिजे. शेजारीही.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने.